'ओशन्स ट्वेल्व्ह' : प्रेक्षकाला वगळून उरकलेली चोरी

सप्रेम नमस्कार मंडळी,

पुढच्या चित्रपटसंध्येसाठी 'ओशन्स ट्वेल्व्ह' (२००४) सुचवला गेला आहे. तो दाखवू नये असे मला मनापासून वाटते. जॉर्ज क्लूनी, ब्रॅड पिट, मॅट डेमन, जुलिया रॉबर्ट्स आणि कॅथरीन झीटा-जोन्स एकत्र असूनही पदरी निराशा येते, आणि तिचा दोष नटांकडे नसून पटकथेकडे जातो.

चोरीच्या चित्रपटात बेत लपवायला हरकत नसते, किंबहुना गंमत त्यातच असते. परंतु उलगडा झाल्यावर 'हे तर डोळ्यांसमोरच होते' अशी चुटपुट लागली पाहिजे. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग यांनीच २००१ साली याच मालिकेतल्या पहिल्या 'ओशन्स इलेव्हन'मध्ये हे चोख साधले होते. तिजोरीची हुबेहूब प्रतिकृती उभी राहताना आपण पाहतो, ती सरावासाठी आहे असे धरून चालतो, आणि शेवटी कळते की कॅसिनोमालकाला पडद्यावर दिसलेली चोरी त्या प्रतिकृतीतच चित्रित केलेली होती.

'ट्वेल्व्ह'मध्ये मात्र रोममधल्या फाबेर्जे अंड्यासाठी (रत्नजडित, मौल्यवान शोभेच्या अंड्यासाठी) डॅनी ओशनची चोरांची टोळी जिवाचे रान करते, साथीदार पकडले जातात, व्हॅन्साँ कासेलने रंगवलेला प्रतिस्पर्धी चोर लेझर किरणांमधून नाचत पार होतो, आणि मग आपल्याला सांगण्यात येते की खरे अंडे रोमला पोहोचण्यापूर्वीच आगगाडीत बदलले गेले होते. ज्या धडपडीत आपण जीव गुंतवला, तिच्यावर काहीच अवलंबून नव्हते! मूळ पटकथा जॉर्ज नॉल्फी यांनी वेगळ्याच चित्रपटासाठी लिहिली होती आणि ती नंतर या टोळीसाठी बेतण्यात आली. गाभा दोन अव्वल चोरांच्या चढाओढीचा राहिल्यामुळे बाकीच्या एवढ्या गुणी नटांना करण्यासारखे फारसे उरत नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

आपली,
एक सभासद

---

सप्रेम नमस्कार ताई,

चित्रपट मीच सुचवला होता. आगगाडीबद्दलचा आपला आक्षेप मला मान्य आहे. तो उलगडा घाईने उरकलेला आहे आणि त्याचा माग आधी कुठेही ठेवलेला नाही. तरीही ॲमस्टरडॅममध्ये कालव्याकाठचे घर पाण्याखालून किंचित उचलण्याची कल्पना आणि डेव्हिड होम्स यांचे संगीत यांसाठी तो पाहावा, असे मी आग्रहाने म्हणेन. शिवाय जुलिया रॉबर्ट्सने रंगवलेली टेस, म्हणजे डॅनी ओशनची पत्नी, स्वतः जुलिया रॉबर्ट्स असल्याचे सोंग घेते आणि नेमका ब्रूस विलिस स्वतःच्याच भूमिकेत तिच्यापुढे उभा ठाकतो, तो प्रसंग तारांकित चेहऱ्यांचा खरा उपयोग करून घेतो. तो अनोळखी नटांना घेऊन करताच आला नसता.

आपला,
चित्रपटसंध्येचा एक संयोजक

---

काका,

तो प्रसंग मलाही आवडतो, आणि म्हणूनच तक्रार अधिक आहे: इतका धीट प्रसंग ज्या चोरीसाठी रचला, तीच पटकथेने निरर्थक ठरवली. दाखवायचाच असेल, तर आधी 'इलेव्हन' दाखवावा. दोन्ही मिळून चार तासांचे होतात, त्यामुळे दोन वेगळ्या संध्याकाळी ठेवावेत. दुसऱ्या दिवशीच्या चर्चेसाठी टिपणे काढण्याचे काम मी आनंदाने घेते.