फायबर जोडणाऱ्या पोरांना पैसे कसे देता? पर कनेक्शन की पगार?

कृष्णाकाठ: कराडच्या बाजूला गावांमध्ये नेटचा छोटा धंदा आहे. कनेक्शन जोडणारी पोरं बाहेरची, पर कनेक्शन ३५० देतो, ड्रॉप केबल (खांबावरून घरात जाणारी वायर), ओएनयू (घरात बसवायचा फायबरचा डबा), क्लॅम्प सगळं आपलं. आता होतंय काय की खांबावरून वायर ओढली, टोकाला जागेवरच बसवायचा फास्ट कनेक्टर मारला, ओएनयूला हिरवी लाईट लागली की फोटो टाकून गडी पुढच्या घरी. जरा पाऊस झाला की त्याच घरचा फोन, लाल लाईट लागलीय म्हणून. परत माणूस पाठवायचा तर त्याचे पैसे कोण देणार, पोरं म्हणतात आम्ही चालू करून दिलं होतं. पगारावर ठेवावं तर बारा महिने तेवढं काम नाही. तुम्ही कसं करता?

रेंजवाला: भाऊ तुम्ही पैसे हिरव्या लाईटचे देताय, मग तेवढंच मिळणार. साधा ओएनयू मायनस २७ डीबीएमपर्यंत (सिग्नलच्या जोराचं माप, मायनसचा आकडा मोठा तेवढा सिग्नल कमी) धरतो, म्हणजे मायनस २६ ला पण हिरवी लागते, पण वायर जरा वाकली की गेलं. आमच्याकडे पॉवर मीटरचा (सिग्नल मोजायचं यंत्र) फोटो लागतो, मायनस २४ च्या आत नसेल तर बिल नाही. आणि ३५० मधले १०० महिन्याने द्या, तक्रार नसेल तरच.

खांबावरचा: मी जोडणारा आहे म्हणून बोलतो. १०० अडकवा, पण उसाच्या ट्रॉलीने वायर ओढून नेली, उंदराने कुरतडली, ते पण आमच्याच नावावर का? गावातलं घर दोन खांबांवर आणि मळ्यातल्या वस्तीला आठ खांब, रेट तोच. त्यात तिथं गेल्यावर घराला कुलूप, पेट्रोल आमचं. घाई हौसेने नाही करत कोण.

कृष्णाकाठ: ट्रॉलीचं खरंय दादा, कारखाने चालू झाले की रोजचंच आहे. पण चूक कोणाची हे ठरवायचं कसं?

रेंजवाला: ओएलटीत बघा ना, म्हणजे सगळे ओएनयू जिथून चालतात त्या तुमच्याकडच्या मशीनमध्ये. रिसिव्ह पॉवर, म्हणजे पोचणारा सिग्नल, रोज थोडी थोडी पडत गेली असेल तर बहुतेक कनेक्टर नाहीतर जॉइंट, ते जोडणाऱ्याचं. काल चांगली होती आणि आज सिग्नल एकदम गायब, तर वायर तुटलीय, ते तुमचं. शिवाय दुरुस्तीला जाणाऱ्याने तुटलेल्या जागेचा फोटो टाकायचाच, भांडण तिथंच मिटतं.

खातेवही: सगळं रोखीत चाललंय वाटतं. आदल्या वर्षी उलाढाल १ कोटीच्या वर असेल किंवा फर्म, कंपनी असेल तर एका बिलाला ३० हजार किंवा वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की १ टक्का टीडीएस कापायचा, पॅन नसेल तर २० टक्के. आणि माणूस खांबावरून पडला तर? ठेकेदाराचा असला तरी भरपाई आपल्याकडे मागता येते, १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आलंय. हेल्मेट, बेल्ट द्या आणि आधी पॉलिसी काढा.

कृष्णाकाठ: पॉलिसीचं उद्याच विचारतो. रेट असा करतोय, २५० लगेच, १०० महिन्याने, चार खांबांच्या पुढे प्रत्येक खांबाचे वेगळे, कुलूप निघालं तर ५० पेट्रोलला. पॉवर मीटर त्यांनी घ्यायचा की मी?

खांबावरचा: मीटर मालकाचा. रीडिंग तुम्हाला पाहिजे ना.