जुन्या मलवाहिन्या: आतून अस्तर की रस्ता खोदून नवा पाइप?

परळकर
दक्षिण मुंबईत एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या विटांच्या मलवाहिन्यांतून अजून मैला वाहतो. माझं मत असं की दुरुस्ती या जुन्या विटांपासून सुरू करावी आणि पाइपचा आकार शाबूत असेल तिथे रस्ता फोडूच नये, आतून अस्तर घालावं. राळेत भिजवलेली जाड कापडी नळी मॅनहोलमधून आत सोडतात, पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने ती भिंतीला चिकटते, मग गरम पाण्याने किंवा वाफेने कडक करतात. 1971 साली लंडनच्या हॅकनी भागात एरिक वुड यांनी हे पहिल्यांदा केलं. भुलेश्वरच्या गल्लीत खोल चर खणला तर शेजारच्या जुन्या चाळीचा पाया, पाण्याची लाइन, विजेच्या केबल, सगळंच धोक्यात येतं.

साइटवरचा
अस्तराने उतार सुधारत नाही हे कुणी सांगत नाही. जमीन खचून पाइप मध्येच बसला असेल, तर अस्तर त्याच खड्ड्यातून जाणार आणि गाळ तिथेच साचणार. शिवाय चाळी पाडून टॉवर उभे राहिलेत. सांडपाणी कितीतरी पटींनी वाढलं आणि तुम्ही त्याच पाइपचा व्यास आतून आणखी कमी करायला निघालात. तिथे मोठा पाइपच टाकायला हवा, त्यासाठी लोकांनी त्रास सोसावा.

परळकर
व्यास थोडा घटतो, पण आतली भिंत गुळगुळीत होते, त्यामुळे प्रवाह सहसा फारसा कमी होत नाही. टॉवरचं म्हणाल तर मान्य, तिथे नवी वाहिनी हवी. पण त्या नावाखाली अख्खा वॉर्ड खणू नका.

मीनल, दादर
आमचं घर तळमजल्यावर आहे, म्हणून विचारते. अस्तर घातलं की प्रत्येक इमारतीच्या जोडणीचं तोंड बंद होतं आणि आत यंत्र पाठवून ते पुन्हा कापावं लागतं. एक जरी राहिलं तरी त्या इमारतीचा मैला तळमजल्यावरच्या घरात उलटणार. आधी आणि नंतर कॅमेऱ्याने केलेलं चित्रण रहिवाशांना दाखवल्याशिवाय ठेकेदाराचं बिल मंजूर करू नये. मी अस्तराच्या विरोधात नाही, आंधळ्या कामाच्या विरोधात आहे.

चौकीवरून
दोन्ही बाजू पाइपवर बोलताय. अस्तर घालण्याआधी वाहिनी पूर्ण साफ करावी लागते. ते जेटिंग (जोरदार पाण्याचा मारा) आणि सक्शनच्या (गाळ ओढून घेणाऱ्या) गाडीने व्हायला हवं, पण गाळ घट्ट बसला की माणसाला खाली उतरवतात. मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त असला की नाकाला वासही कळेनासा होतो, दोन श्वासांत माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. तरी माणसं मरतात. निविदेत माणूस न उतरवण्याची अट आणि अट मोडल्यास काम रद्द, हे आधी लिहा. नंतर अस्तर की खोदाई ते ठरवा.

साइटवरचा
दादा, या अटीला माझा पूर्ण पाठिंबा. त्याच वायूमुळे पाइपही जातो. वायू वर चढून पाइपच्या छताच्या ओलाव्यात विरघळतो, तिथले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात आणि काँक्रीट वरून पोखरत जातं. समुद्राजवळ फुटक्या सांध्यांतून खारं पाणी शिरतं, त्यातल्या सल्फेटमुळे हा वायू आणखी वाढतो. सांध्यांतून माती आत वाहून गेली की रस्त्याखाली पोकळी होते आणि पावसाळ्यात भगदाड पडतं. म्हणून 'जुनी वीट आधी' हा क्रम मला पटत नाही. नंतर टाकलेले काँक्रीटचे पाइप काही ठिकाणी विटेपेक्षा वाईट अवस्थेत असतात.

परळकर
हे पटलं. मग क्रम वयावर नको, कॅमेऱ्यात काय दिसतं त्यावर लावा. छत पोखरलेलं पण उतार ठीक, तिथे अस्तर. पाइप बसलेला, तिथे तेवढाच तुकडा खोदा.

मीनल, दादर
आणि इमारतीपासून रस्त्यापर्यंतची जोडणी? ती सोसायटीने बदलायची असं आम्हाला सांगतात. मुख्य वाहिनी नवी झाली आणि आमचा जुना पाइप तसाच गळत राहिला, तर माती तिथूनही आत जाणारच. दोन्ही कामं एकाच वेळी का होत नाहीत?

साइटवरचा
व्हायला हवीत. पण त्यासाठी सोसायट्यांनीही खर्च उचलावा लागेल, आणि तिथे मी तुमच्या बाजूने नाही.