परसातल्या पडलेल्या फांद्या आणि माजलेलं रान, साफसफाई कुठून सुरू करू?

चाकरमानी_गुहागर:
घरामागे एकरभर परसू आहे, आंबा फणस ऐन किंजळ सगळं आपसूक वाढलेलं, मधे थोडे माड. बरीच वर्षं कोणी हात लावला नाहीये. यंदा वाऱ्यापावसात फांद्या पडल्या, एक माड आडवा झाला आणि त्यावर रानमोडीचं तण इतकं माजलंय की विहिरीची वाट सापडत नाही. दिवाळीला गावी जातोय. शेजारचे काका म्हणतात जेसीबी लाव, उरेल ते पेटवून दे. मला रान रानासारखंच हवंय, फक्त फिरता आलं पाहिजे. काय करू?

जांभ्याचा_गडगा:
जेसीबीचं नाव काढू नका. आपल्याकडे जांभ्यावर माती असते किती, वीतभर, ती एकदा खरवडली की पुढच्या पावसात विहिरीत. आधी विहिरीपर्यंतची वाट मोकळी करा, मग वाटेच्या दोन्ही बाजूंनी आत सरकत जा. फांद्या ओढत बसू नका, जागेवरच कोयतीने बारक्या फाट्या सवळा, मनगटाहून जाड असेल ते सरपणाला खोपीत, बाकीचं झाडांच्या बुंध्यापासून हातभर लांब पसरून टाका, खोडाला चिकटवलंत तर वाळवी वर चढते. आणि रानमोडी कापायची नाही, उपटायची, कापली की खालून परत फुटते. दिवाळीला जमिनीत ओल असते तेव्हा मुळासकट येते, थंडीत फुलली की बी वाऱ्यावर सगळ्या परसात. एक राहिलंच, खाजकुयलीचे वेल बघून ठेवा, शेंगा वाळल्या की नुसता धक्का लागला तरी कूस उडते, मग दिवसभर खाजवत बसा. फुल शर्ट घालाच.

वेतोबाचो_झील:
पातेऱ्यात, म्हंजे सुक्या पाल्यात, हात घालू नको रे बाबा. आधी काठयेन हलव, मगे हात लाव. फुरसा साप पातेऱ्याच्याच रंगाचा असता, दिसणा नाय. पायात गमबूट घाल. आणि चावलाच तर मांत्रिकाकडे जाव नको, सरळ सरकारी दवाखानो, लस थयच गावता.

आगोटीची_घाई:
थोडं जाळलं तर काय बिघडतं, आमच्याकडे भाजावळ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे

जांभ्याचा_गडगा:
@आगोटीची_घाई अहो भाजावळ मोकळ्या दाढीवर, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर करतात, आंब्याखाली नाही. खालची पालवी करपते, वरवरची मुळं भाजतात, त्यात वारा फिरला तर शेजाऱ्याचा काजू पण गेला.

पोफळीवाली:
पडलेल्या माडाचं कोणी बोललंच नाही! तो तसाच कुजत ठेवू नका. गेंड्या भुंगा अंडी घालतो त्यातच, आणि मग उभ्या माडांच्या शेंड्यात शिरतो, नवीन झाप उघडली की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते. निसर्ग वादळ (जून 2020) झालं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर भागात माडपोफळी आडव्या झाल्या, तेव्हापासून आमच्या घरी ओंडका पडून राहू देत नाहीत. तुकडे करून उभे चिरा, उन्हात सुकवा, चुलीला जातात. आत जाड पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या तर कोंबड्यांना टाका, तुटून पडतात.

चाकरमानी_गुहागर:
भारीच, सगळ्यांचे आभार. अजून दोन शंका. फणसाची एक मोठी फांदी मोडून वरच अडकलीय. आणि ऐनाचं एक झाड दगडी गडग्यावर कललंय, तोडू का? गडग्यापलीकडे देवराई आहे.

जांभ्याचा_गडगा:
अडकलेल्या फांदीखाली कोणालाच जाऊ देऊ नका, वर चढणारा माहितगार गडी बोलवा, दोर बांधून सावकाश उतरवेल. ऐनाचं मात्र थांबा, ऐन, आंबा, फणस, किंजळ ही 1964 च्या झाडतोड कायद्यातली झाडं, स्वतःच्या जमिनीतलं उभं झाड असलं तरी परवानगी लागते, आधी वनखात्यात विचारा.

पोफळीवाली:
आणि देवराईतलं पडलेलं लाकूड आमच्याकडे कोणी उचलत नाही. तुमच्या गावची रीत गावकरांना विचारा, फांदी तुमच्याच झाडाची असली तरी.

चाकरमानी_गुहागर:
विचारतो. गमबूट इथूनच घेऊन जाऊ की गुहागरात मिळतील?