मदत हवी आहे: मार्कर दुसऱ्या पोराचा, सही आमच्या बॅटवर

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण उद्या सकाळच्या आत उत्तर हवंय.

भाच्याला (वय 11) घेऊन आज बेळगावात ऑटोनगरच्या ग्राउंडवर रणजी बघायला गेलो होतो. सामना चार दिवसांचा, आज दुसरा दिवस. चहाच्या सुट्टीत एक खेळाडू जाळीजवळ आला. तिथं वडगावचा एक पोरगा जेवणाच्या सुट्टीपासून जागा धरून उभा होता. एका हातात लाल लेदर बॉल, दुसऱ्या हातात चंदेरी मार्कर. आमच्याकडं बॅट आणि साधं बॉलपेन. भाच्यानं त्याच्या खांद्यावरून बॅट पुढं सरकवली. खेळाडूनं पेन दोनदा फिरवलं, नुसता ओरखडा उठला. मग भाच्यानं त्या पोराकडं मार्कर मागितला आणि त्यानं बिचाऱ्यानं टोपण काढून दिला. सही झाली, आतून हाक आली, खेळाडू गेला. त्याचा बॉल कोराच राहिला.

पोरगं रडलं नाही. बॉल खिशात घातला आणि वडिलांकडं गेलं. रडलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

वर आणखी एक. घरी येऊन पिशवी उपसली तर मार्करही आमच्याकडंच! भाचा म्हणतोय, बॅटच त्याला देऊन टाकू. ताई म्हणते, एवढं काय त्यात, पोरांचं चालतंच. मी काय करू? पार्किंगमध्ये त्याच्या वडिलांची गाडी अडकली होती म्हणून त्यांचा नंबर तेवढा माझ्याकडं आहे.

शहापूरकर: बॅट देऊ नका. दुसऱ्याच्या बॅटवरची सही घेऊन तो काय करणार? आणि राग मानू नका, पण चूक भाच्याची नाही, तुमची. मार्कर घेतला तेव्हाच "आधी ह्याचा बॉल, सर" एवढं तुम्ही म्हणायचं होतं. आपला रोनित मोरे कर्नाटकाकडून खेळायचा तेव्हा आम्हीही जाळीला लोंबकळलोय. जो आधी उभा त्याचं आधी, हे तिथं कुणी शिकवायला लागत नव्हतं.

निपाणीचा_ऑफस्पिनर: अजून दोन दिवस आहेत की! सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी सरावाला येतात, तेव्हा गर्दी कमी असते. त्या पोराला पुढं उभं करा. थोडं सामानाचं: लाल बॉलवर चंदेरी चालतो, पण बॅटच्या पांढुरक्या लाकडावर तो दिसत नाही, तिथं काळा बारीक टोकाचा परमनंट मार्कर घ्या. टोपण आधीच काढून द्या. सही वाळल्याशिवाय बॅट कव्हरात कोंबू नका, पसरते. षटक चालू असताना बाउंड्रीवरच्याला हाक मारायची नाही म्हणजे नाही. आणि पोराचं नाव घालून सही मागा. काही मोठी माणसं पोरांना पुढं करून विकायला सह्या गोळा करतात, नाव घातलेली सही सहसा कुणी विकायला नेत नाही. खेळाडूंनाही ते कळतं.

मूळ प्रश्नकर्ता: चंदेरीचं खरं आहे. बॅट ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तरच सही दिसते. पाप फिटलं म्हणायचं का?

लाल_माती: आमच्याकडं आनंदवाडीच्या आखाड्यात हा घोळ होत नाही. लंगोट कसून मातीकडं चाललेल्या पैलवानाला कुणी अडवत नाही. कुस्ती मारली की तोच कडेनं फिरत येतो बक्षीस घ्यायला, ज्याला जे बोलायचं ते तेव्हा. क्रिकेटवाल्यांनी मध्ये जाळी घातली आणि मग सगळ्यांनाच घाई. असो. फोन आत्ता करा, सकाळी नको. आणि बोलायचं भाच्यानं, तुम्ही नाही.

मूळ प्रश्नकर्ता: केला. भाचाच बोलला, निम्मं मराठी, निम्मं कन्नड. आधी वडील हसले, मग पोरगं फोनवर आलं. उद्या आठ वाजता गेटवर येतो म्हणाला. बॅटचं विचारलं तर "नको, तुझी तुला." फक्त मार्कर आठवणीनं आण म्हणाला, आणि आणलास की माझ्या खिशात राहणार. भाच्यानं कबूल केलंय. ताई काळा मार्कर आणायला गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात गेलीय.