‘संप’, ‘हरताळ’ की ‘कामबंद’?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात तलाठी, ग्रामसेवक किंवा अंगणवाडीसेविका आंदोलनात उतरल्या की कोणी ‘हडताल’ म्हणतो, कोणी ‘संप’, तर निवेदनावर ‘कामबंद’ असे छापलेले असते. या शब्दांत फरक आहे का?

उत्तर : आहे, ताई, आणि तो जपायला हवा. हडताल म्हणजेच हरताळ, आणि त्यात संस्कृत ‘हट्ट’ म्हणजे बाजार आहे. दुकाने बंद ठेवणे हा त्याचा मूळ अर्थ. (‘नियमांना हरताळ फासला’ यातील हरताळ वेगळा, पोथीतील चुकीचे अक्षर झाकायचे पिवळे खनिज.) ‘संप’ शब्दाचा अर्थ गुजरातीत आजही एकोपा असाच होतो, आणि मराठीतही संपाला एकजूट लागतेच, एकटा तलाठी रजेवर जाईल, उपोषणाला बसेल, पण संपावर जाऊ शकणार नाही.

‘संप म्हणजे कामचुकारपणा’ हे पारावर ऐकू येणारे मत मला मान्य नाही. १४ मार्च २०२३ पासून राज्यभर झालेला संप जुन्या पेन्शनसाठी होता. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांच्या पगारातून तेव्हा कपात होत होती, ती रक्कम बाजारात गुंतवली जात होती आणि निवृत्तीनंतर हाती किती पडेल हे आधी ठरलेले नव्हते. त्याआधी लागलेल्यांना मात्र शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. एकाच पंचायत समितीत शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघांच्या म्हातारपणात एवढे अंतर असेल, तर वर्षानुवर्षे निवेदने देऊन थकलेला माणूस शेवटी संपाकडेच वळतो. त्याच आठवड्यात विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. शेतात गहू आडवा पडलेला आणि पंचनाम्याला यायला कोणी नाही, अशा शेतकऱ्याचा संतापही तितकाच खरा होता. सात दिवसांनी, २० मार्चला, संप मागे घेतला गेला.

‘कामबंद’, ‘लेखणीबंद’, ‘सामूहिक रजा’ या शब्दांना कायद्याची पार्श्वभूमी आहे. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिलेला असल्यामुळे पत्रकात कोणता शब्द घालायचा याचा संघटना विचार करतात. लेखणीबंदमध्ये कर्मचारी हजर असतो, पण कागदाला हात लावत नाही. ‘लाक्षणिक संप’ बहुधा एका दिवसाचा, तर ‘बेमुदत’ मागणीचा निकाल लागेपर्यंतचा.

पुरवणी प्रश्न : अंगणवाडीसेविकांना तर पगार नसून मानधन मिळते. मग त्यांच्याबाबतीत ‘संप’ म्हणावे का?

उत्तर : म्हणावे. ‘मानधन’ हा शब्द ऐच्छिक सेवेचा मोबदला सुचवतो, पण त्यांचे पोषण आहाराचे, बालकांची वजने घेण्याचे आणि नोंदींचे काम रोजचे व ठरलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्या बेमुदत संपावर गेल्या तेव्हा मानधनवाढीबरोबर ग्रॅच्युइटीचीही मागणी होती. म्हणून मी ‘सेविकांचे आंदोलन’ असे न लिहिता ‘अंगणवाडीसेविकांचा संप’ असेच लिहितो.