३६ बटणांचा कीबोर्ड शून्यातून बनवतोय, पण मराठी टायपिंगचं काय?

जोडाक्षर

मंडळी नमस्कार, बरेच महिने इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच विचारतोय, बावळट प्रश्न असेल तर सांभाळून घ्या. माझं काम भाषांतराचं. दिवसाला सात-आठ तास मराठी टाइप होतं, सगळं इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड लेआउटमध्ये, आणि उजवी करंगळी आणि मनगट संध्याकाळी चारनंतर बोलायला लागतात. त्यात यूट्यूबवर ते छोटे मेकॅनिकल कीबोर्ड बघायचा नाद लागला. बायको म्हणते एवढ्या वेळात दोन रेडीमेड घेऊन वापरून झाले असते, ते खरंय, पण आता डोक्यात बसलंय की बनवायचाच.

ठरवलंय ते असं की एकूण ३६ बटणं, म्हणजे प्रत्येक हाताला पाच-पाचच्या तीन रांगा आणि अंगठ्याला तीन-तीन, आकडे-चिन्हं वगैरे सगळं लेयरवर, म्हणजे एक बटण धरलं की बाकीच्यांचा अर्थ बदलतो तसं. पीसीबी (छापील सर्किटची पट्टी) नाही, हातानेच वायरिंग करणार. रास्पबेरी पाय पिको हा छोटा कंट्रोलर बोर्ड घेऊन ठेवलाय, त्यात चालणारं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर क्यूएमके. पिको एकच आहे म्हणून दोन तुकडे न करता एकाच प्लेटवर दोन्ही हात बसवायचा विचार आहे. आता मला कळत नाहीये ते हे की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा तो छोटा भाग) खरंच प्रत्येक बटणाला लावावा लागतो का, कारण सोल्डरिंगचा हात म्हणजे आयुष्यात एकदा इस्त्रीची वायर जोडलीय एवढाच. आणि दुसरं म्हणजे क्यूएमकेमध्ये देवनागरी घालायची कशी? शोधून शोधून थकलो, मराठीचा पर्यायच दिसत नाही.

कथील

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तिथे तुमचा प्लॅनच बदलणार आहे.

कीबोर्डला मराठी कळत नाही. इंग्रजीही कळत नाही खरं तर. तो कॉम्प्युटरला फक्त बटणाचा नंबर सांगतो, म्हणजे ए च्या जागेवरचं बटण दाबलं की ४ हा कोड जातो, बस. त्याचं इंग्रजी ए करायचं की मराठी ो करायचं हे विंडोज किंवा लिनक्स ठरवतं, तिथे कुठली भाषा निवडलीय त्यावरून. म्हणून क्यूएमकेमध्ये मराठी शोधत बसू नका, साधा इंग्रजी कीमॅप (कुठलं बटण कुठे याची यादी) भरा, इनस्क्रिप्ट आपोआप चालेल.

पण आता तुमची ३६ बटणं मोजा. पाच-पाचच्या रांगा केल्या की उजवीकडे पी, सेमीकोलन आणि तिरकी रेघ इथे कीबोर्ड संपतो. इंग्रजीवाल्यांचं त्यात काही जात नाही, त्यांची सगळी २६ अक्षरं आत बसतात. आपलं काय जातं बघा. चौकोनी कंसावर ड आणि ढ. त्याच्या शेजारच्या कंसावर शिफ्टसकट ञ. एकेरी अवतरणाच्या बटणावर ट आणि ठ. उलट्या तिरक्या रेघेवर ॉ आणि ऑ. म्हणजे डॉक्टर हा शब्द लिहायला बसलात तर ड लेयरवर, ॉ लेयरवर, ट लेयरवर, थेट हाताशी उरले क, हलन्त आणि र. डोंबिवली, ठाणे, पाटील, वाडा... काय काय सोडणार? ते यूट्यूबवाले ३६ म्हणतात ते त्यांच्या भाषेपुरतं बरोबर आहे.

सहावा कॉलम घ्या. म्हणजे ४२ बटणं, कॉर्न नावाचा जो ओपन-सोर्स कीबोर्ड आहे त्याचा आकडा हाच. उजव्या काठाला वरून खाली ड, ट आणि तिसरं ॉ. डाव्या काठाला टॅब, कंट्रोल, शिफ्ट. आकड्यांची रांग लेयरवर गेली तर जाऊ दे, फक्त लक्षात ठेवा की इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट ५ वर ज्ञ, ६ वर त्र, ७ वर क्ष, ८ वर श्र आहे आणि ृ बरोबरच्या चिन्हावर, तर ही पाच बटणं त्या लेयरवर जवळच्या बोटांखाली ठेवा. ञ पण तिथेच टाका, तो एकटा कुठे लागतो.

तापकीर_गल्ली

कथीलभाऊंनी मुद्द्याचं सांगितलं, मी वायरिंगचं बोलतो, माझे तीन हातवायरिंगचे झालेत आणि त्यातला पहिला अजून ड्रॉवरमध्ये तोंड लपवून पडलाय.

डायोड हवाच, प्रत्येक बटणाला एक. कारण पिकोला वापरता येणाऱ्या पिना २६ आणि बटणं ४२, म्हणजे मॅट्रिक्स करावं लागणार, प्रत्येक बटण एका रांगेला आणि एका कॉलमला जोडायचं: ४ आडव्या रांगा, १२ उभे कॉलम, १६ पिनांत काम झालं. आता डायोड नसताना चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबलीत की करंट उलटा फिरून चौथ्या कोपऱ्यावर जातो आणि न दाबलेलं अक्षर उमटतं, भूत म्हणतात ते हेच. १एन४१४८ मागा. पुण्यात असाल तर तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, शंभराचं पाकीट घ्या, ४२ मोजून घेऊ नका कारण पाच-सहा तरी पाय तुटून नाहीतर फरशीवर पडून जातातच. डायोडवर काळी रेघ असते ती बाजू सगळ्यांची रांगेकडे, एकही उलटा नको. मग क्यूएमकेच्या फाइलमध्ये दिशा कॉलम टू रो.

सोल्डरिंगची भीती काढून टाका. शिसंवालं ६०/४० कथील, टोक ३२० ते ३५० डिग्री, आणि स्विचच्या पायावर दोन-तीन सेकंदांच्या वर टोक ठेवायचं नाही, नाहीतर आतलं प्लॅस्टिक वितळून पाय वाकडा होतो. डायोडचा एक पाय स्विचच्या पायाभोवती पक्कडीने गोल वळवायचा, दुसरा पाय आडवा वाकवून शेजारच्या डायोडच्या पायावर टेकवायचा, अशी रांग डायोडच्या पायांचीच बनते, वेगळी वायर लागत नाही. कॉलमला मात्र इन्सुलेशनवाली वायर घ्या आणि फक्त सांध्याच्या जागी सोला, कारण ती रांगांच्या वरून जाते. एका संध्याकाळी एकच रांग. घाईने केलेली रांग मी दुसऱ्या दिवशी उसवलीय.

प्लेटसाठी ट्रॉफी-नेमप्लेट बनवणारा लेझरवाला गाठा. भोक १४ बाय १४ मिमी, एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १९.०५. पण स्विचच्या क्लिपा १.५ मिमी जाडीसाठी असतात आणि तुमचा लेझरवाला हमखास ३ मिमी अॅक्रिलिक देणार, त्यात क्लिप बसत नाही, स्विच नुसता अडकून राहतो आणि कीकॅप काढताना स्विचसकट हातात येतो. मागून ग्लू गनचा एकेक ठिपका टाकला की प्रश्न मिटला. लेझर स्वतः थोडं मटेरियल खातो, म्हणून आधी चार भोकांचा तुकडा कापून बघा.

थ्रीडी प्रिंट करणार असाल तर एक गंमत. १२ कॉलम म्हणजे २२८.६ मिमी लांबी, आणि बऱ्याच घरगुती प्रिंटरचा बेड २२० चा. मी म्हटलं ४५ अंशात तिरकी ठेवू, ४ रांगांची रुंदी धरून गणित केलं तर २१५.५ आलं, बसतंय, खूश झालो. मग आठवलं की चारी बाजूंनी ५ मिमी काठ ठेवायचाय. २३० झालं. शेवटी दोन तुकड्यांत छापून मधे स्क्रू मारले.

रेमिंग्टनवाली

मी इन्स्टिट्यूटमधल्या खडखडणाऱ्या मशीनवर मराठी ३० आणि ४० दिलेली बाई आहे, त्यामुळे तुमचं हे ४२ बटणांचं खूळ बघून हसू येतंय, आमच्या मशीनची बटणं दाबायला तर अख्खं बोट रोवावं लागायचं आणि मनगट टेकवलं की बाई पट्टी घेऊन उभ्या. पण एक सांगते. काहीही कापायच्या आधी लेआउट कागदावर खऱ्या मापात प्रिंट काढा, ए४ आडवा घेतला की मावेल, प्रिंट करताना ते फिट टू पेज काढून १०० टक्के ठेवा नाहीतर माप चुकतं. टेबलाला चिकटवा आणि दोन दिवस त्यावर नुसती बोटं चालवा. माझ्या भाच्याने हेच केलं तेव्हा कळलं की त्याने अंगठ्याची बटणं एवढी आत घेतली होती की अंगठा तळव्याखाली दुमडत होता. कागद फुकट असतो.

रात्रपाळी

कुणी होम रो मॉड्सचं बोललं नाही अजून. जोडाक्षरदादा, छोट्या कीबोर्डच्या प्रत्येक व्हिडिओत सांगतात की ए एस डी एफ वर बोट दाबून धरलं की विंडो, आल्ट, कंट्रोल, शिफ्ट. इंग्रजीत मस्त चालतं. मी पण केलं.

इनस्क्रिप्टमध्ये डी म्हणजे हलन्त. आपण जोडाक्षर लिहितो तेव्हा हलन्त आणि पुढचं अक्षर जवळजवळ एकत्रच दाबतो. मी अन्न लिहायला गेलो, न, हलन्त, न. न हा व्ही वर. कीबोर्डला वाटलं कंट्रोल व्ही. क्लिपबोर्डात होता आदल्या मेलमधला दीड पानांचा मजकूर, तो सगळा अन्नाच्या मधे. आत्मा लिहिताना कंट्रोल सी, ते दिसत नाही म्हणून जास्त वाईट. एफ वर शिफ्ट ठेवला होता तर किती चं कथी व्हायचं, कारण ि शिफ्ट बनून पुढच्या त चा थ करत होता.

मग दाबून धरायची वेळ वाढवून बघितली, एकाच हाताची बटणं असतील तर मॉडिफायर (कंट्रोल-शिफ्ट वगैरे) धरू नको असं पण सांगून बघितलं. त्याने अन्न वाचलं, पण त्य, क्य, ल्य मधे हलन्त डाव्या हाताला आणि य उजव्या, तिथे परत तेच. शेवटी कंट्रोल आणि शिफ्ट अंगठ्यांवर नेले आणि सुटलो. तुमच्याकडे अंगठ्याला सहा बटणं आहेत, वापरा की.

आणि एक चांगली गोष्ट पण सांगतो. दुसऱ्या, घोड्यांच्या... नाही घोड्यांच्या मधे नाही, सुऱ्या, दऱ्या, करणाऱ्या मधे जो ऱ्य लागतो त्याला शिफ्ट जे, डी, तिरकी रेघ अशी कसरत आहे. मी र आणि य एकदम दाबले की हे तिन्ही जातील असा काँबो केलाय. भाषांतरात करणाऱ्या, जाणाऱ्या, येणाऱ्या किती येतं ते तुम्हाला माहीतच. फक्त रयत हा शब्द घाईत लिहिला की ऱ्यत होतो.

जोडाक्षर

महिन्याने येतोय, माफी. ४२ वर गेलो. कागद दोन नाही पाच दिवस टेबलावर होता, रेमिंग्टनवाली ताई, तुमचं ऐकलं म्हणून अंगठ्याचं माप वाचलं. प्लेट ३ मिमी अॅक्रिलिकचीच, ग्लू गन झिंदाबाद. पिकोवरचं बूटसेल नावाचं बटण दाबून धरून केबल लावली, ड्राइव्ह उघडला, फाइल ओढून टाकली, इथवर सगळं शहाण्यासारखं.

मग काम हा शब्द टाइप केला. स्क्रीनवर आलं: ्ग,

परत केलं. परत तेच. क दाबला की ठिपक्यांच्या गोलाखाली हलन्त, आणि हलन्त दाबला की क. त च्या जागी े. रात्री साडेअकरापर्यंत मल्टिमीटर घेऊन एकेक डायोड तपासला, सगळे सरळ, ०.६ च्या आसपास दाखवत होते. सकाळी चहा पिताना कळलं: वायरिंग मी प्लेट पालथी घालून केलं आणि कॉलम डावीकडून मोजले. पालथ्याचं डावं म्हणजे सुलट्याचं उजवं! अख्खा कीबोर्ड आरशातला. एकही सांधा उसवावा लागला नाही, फाइलमधे बारा पिनांची यादी उलटी लिहिली आणि काम झालं, म्हणजे शब्दशः काम असं उमटलं.

आता एकच राहिलंय, ट कधी उमटतो कधी नाही. डायोड ठीक आहे.

तापकीर_गल्ली

हाहा, पहिल्या वेळी सगळ्यांचं होतं हे, माझ्या ड्रॉवरमधल्याचं पण तेच. ट चं म्हणजे कोरडा सांधा. भिंगातून बघा, कथील चकचकीत पसरलेलं आहे की नुसता मळकट गोळा बसलाय. फ्लक्स (कथील नीट पसरवणारी पेस्ट) लावून परत टोक टेकवा, कथील नवं घालू नका लगेच.

जोडाक्षर

गोळाच होता. टाटा, टोपी, टिटवी, टमटम, पाटपाणी. उमटतंय.