मदत हवी आहे: भगूरजवळच्या लग्नात ड्रोन उडवायचा तर नकाशा बघायचा की पोलिसांचा आदेश?

नमस्कार मंडळी. नाशिकरोडला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या महिन्यात भगूरजवळच्या एका लॉन्सवर लग्न आहे आणि नवरदेवाच्या मामांचा हट्ट, वरात वरूनच दिसली पाहिजे. ड्रोन 249 ग्रॅमचा. विकणारा म्हणाला, "अडीचशेच्या आत आहे, बिनधास्त उडवा."

बिनधास्त कसलं! 25 ऑगस्ट 2021 चे ड्रोन नियम वाचून काढले. नॅनो म्हणजे 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, एवढं खरं. पण कुठे उडवायचा हे वजनावर नाही, जागेवर ठरतं. सरकारी नकाशावरच्या हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत परवानगी नको, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची हवी आणि लाल भागात थेट केंद्र सरकारची. आता आपल्याकडे बघा: देवळालीला तोफखाना, गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरं, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, तिकडे ओझरला विमानतळ. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन पोर्टलवरचा तो नकाशा बोटांनी मोठा करत गेलो, तर लॉन्स लाल पट्ट्याच्या काठाला येतंय. पार्किंग आत की बाहेर, तेच कळत नाही. (तोफांचा सराव असला की तिथल्या ऑफिसची काच थरथरते, यावरून अंदाज घ्या.)

गंमत म्हणजे 27 जून 2021 ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली आणि दोनच महिन्यांत हे नियम उलट सैल झाले. द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्यांना ते बरंच झालं, माझीही तक्रार नाही.

माझा घोळ वेगळाच. या नियमांनुसार तात्पुरता लाल झोन एका वेळी फार तर 96 तासांचा असतो, तोही एसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने नकाशावर दाखवून. पण मंडपवाल्याने व्हॉट्सॲपवर मनाई आदेशाचा फोटो पाठवलाय, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 चा (जुनं 144). तो दोन महिने चालू शकतो आणि नकाशावर दिसत नाही. त्यात फोटोत तारीख कापली गेलीये! नकाशा हिरवा आणि आदेश मनाईचा असेल तर ऐकायचं कोणाचं?

प्रतिसाद 1: दोन्हींचं. नकाशा हिरवा असला तरी आदेश मोडलात की न्याय संहितेचं कलम 223 (सरकारी आदेश मोडल्याचा गुन्हा) लागू शकतं. आणि जागा लाल निघाली तर पोलिसांच्या चिठ्ठीने भागत नाही. आधी आदेशाची पूर्ण प्रत मिळवा. मी शूटच्या आधी ठाण्यात लेखी अर्ज देतो, सोबत लग्नपत्रिकेची झेरॉक्स आणि उडवायची वेळ. पोच घेतल्याशिवाय हलत नाही.

प्रतिसाद 2: काठावर आहे म्हणताय, तर उडवूच नका राव. वाऱ्याने पन्नास फूट सरकला की झालं.

धागाकर्ता: अर्ज उद्याच टाकतो. मामांना म्हटलं, नाहीच जमलं तर जिमी जिब (कॅमेऱ्याची क्रेन) लावू. म्हणाले, "त्यात मागचा डोंगर येईल का?"